दगडांना दाखवलेलं ऊन

बायको गेली तेव्हा टाकीत पाणी भरून नऊ दिवस झाले होते. बैठकीच्या खोलीत, माझ्या पुस्तकांच्या कपाटाशेजारी खाऱ्या पाण्याची टाकी. आत मासा एकही नव्हता. वाळू होती, पंप होता, आणि पनवेलच्या दुकानदाराने बादलीतून ओलेच पाठवलेले सात भोकाभोकांचे दगड. मासे महिन्याभराने आणायचे, असं ती म्हणाली होती. महिनाभर कशासाठी थांबायचं, ते मी विचारलं नाही. काशीदचा समुद्र चालत दहा मिनिटांवर असताना तो घरात कशाला, एवढं मात्र विचारलं होतं.

"तिथे मला जवळून बघता येत नाही," ती म्हणाली. चाळीस वर्षं तिने शाळेत जीवशास्त्र शिकवलं होतं.

तेरा दिवस घरात माणसं होती. आता हे करा, आता ते करा, असं कोणीतरी सांगत असे आणि मी करत असे. टाकीचा पंप चालूच राहिला, कारण तो बंद करायचं कोणाला सुचलं नाही. चौदाव्या दिवशी सगळे परतले. मी टाकीसमोर जाऊन बसलो, तर वाळूवर तपकिरी थर. दगडांवर, काचेवरही. कॉफीची पूड सांडावी तसा.

हे काय आहे ते कळेना. कुजतंय की उगवतंय, तेही कळेना. तिने सुरू केलेलं हे शेवटचं काम आहे आणि ते माझ्या हातून मरता कामा नये, एवढंच समजत होतं. काच पुसली. दुसऱ्या दिवशी थर पुन्हा हजर. तिची पुस्तकं काढून शेवाळाचं प्रकरण वाचलं. त्यात वर्गीकरण होतं, पेशींच्या आकृत्या होत्या. बैठकीच्या खोलीत आलं तर काय करायचं, ते नव्हतं.

शेजारच्या वहिनी दुपारचा डबा घेऊन आल्या. टाकीकडे बघून म्हणाल्या, "भाऊजी, बुरसलंय सगळं. जरा ऊन दाखवा की."

"दगडांना?"

"पुस्तकांना दर वर्षी पावसाळा सरला की दाखवता. मग दगडांनी काय पाप केलंय?"

मला ते पटलं. आमच्याकडे गाद्या, पापड, पुस्तकं, ज्याला म्हणून कुबट वास लागेल ते उन्हात जातं. सहा दगड काढले, नळाखाली ब्रशने घासले आणि दारापुढच्या खळ्यात चटईवर मांडले. सातवा वाळूत रुतलेला होता, हात पुरला नाही, म्हणून राहिला. कित्येक दिवसांनी काहीतरी नीट केल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी वास सुटला. वहिनी पदर नाकाला लावून आल्या. "भाऊजी, सुकटीला वास येतो, पण हा असला नाही हो." कावळे चटईभोवती फिरत होते. मी एक दगड उचलून पाहिला. एका भोकात नखाएवढा, पाच बारीक हातांचा जीव वाळून चिकटला होता. शेजारच्या भोकात दोऱ्यासारखी अळी.

मग दुकानदाराला फोन लावला.

"ब्राऊन थर ना? येणारच सर, नवीन टाकीला येतंच. लाईट कमी ठेवा, आपोआप जाईल. दगड काढलेत? उन्हात? अहो, ते जिवंत होते! मॅडमना मी सगळं समजावलंय. त्यांना द्या ना जरा फोन."

मी त्याला सांगितलं.

तो हळू आवाजात म्हणाला, "सगळे काढलेत का, सर?"

"एक आत आहे."

"मग विरजणापुरतं आहे. बाकीचे गोड्या पाण्यात भिजवा, रोज पाणी बदला, वास पूर्ण गेला की परत ठेवा. आतल्या दगडातले जीव हळूहळू त्यांच्यावरही धरतील. आणि आता काही करू नका."

"काही म्हणजे?"

"काहीच नाही. बसून राहा. महिनाभर."

वास जायला आठ दिवस लागले. दगड परत ठेवले. तिने केली होती तशी रचना मला आठवेना, जमेल तशी केली. थर आहेच, पण मी काच पुसत नाही. तो वाढतोय की ओसरतोय, ते रोज बघून कळत नाही. काल पुन्हा फोन केला आणि विचारलं, हा महिना धरायचा कुठपासून? तिने पाणी भरलं तिथपासून, की मी दगड परत ठेवले तिथपासून?

"तुम्ही ठेवलेत तिथपासून, सर. आधीचं गेलं."

बरं, म्हटलं. तरी सकाळी बोटांवर दिवस मोजायला लागलो की मी तिच्याच दिवसापासून सुरुवात करतो. मध्येच कुठेतरी अडखळतो आणि मग कितवा दिवस आहे तेच सांगता येत नाही.