चोरखिसा

गगनबावड्याच्या शाळेत रुजू व्हायला निघालो, तेव्हा आईनं सदऱ्याच्या आतून चोरखिसा शिवून दिला होता. कोल्हापुरातून मोटार सुटली. माझा हात त्या खिशावरून हलेना आणि शेजारच्या पटकेवाल्याची नजर माझ्या हातावरून. त्यानं मळलेली तंबाखू पुढं केली. मी नको म्हटलं. कुठं उतरणार विचारलं. मी खोटंच सांगितलं. माणूस सरळ वाटत नव्हता.

साळवणला उतरताना तो माझ्या कानाशी वाकला.

"पावणं, सारखा हात ठेवून बसलासा, तर चोराला खिसा हुडकायलाच लागत न्हाय की!"

तो उतरताच मी घाईनं खिसा चाचपला. पैसे जागेवर होते. खिडकीबाहेर पाहिलं, तर तो खाली उभा राहून माझ्याकडंच बघत होता. त्यानं कपाळावर हात मारून घेतला.