बटणापाशी बाबा

आमच्या घरात यंत्र सुरू करण्याचा मान बाबांचा. आईचा मिक्सर सोडला तर कोणत्याही वस्तूचं बटण दुसऱ्यानं दाबलेलं त्यांना खपत नाही. त्याला कारणही आहे. डोणगावच्या अलीकडच्या आमच्या गावात प्रत्येक विहिरीवरची मोटर कधी ना कधी जळलेली आहे. आमची एकदाही नाही. बाबांचा नियम साधा. बटण दाबायचं, कान द्यायचा, आणि मोटर नुसतीच घुमत राहिली, पाइपातून पाणी आलं नाही, तर आधी बंद करायची. विचार नंतर. आमच्या शेजारच्या काकांचं वाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटरी पुन्हा गुंडाळून द्यायचं दुकान आहे. ते मला म्हणतात, "तुह्या बापाच्या भरवशावर राह्यलो असतो त माह्यं दुकान कवाच बंद पडलं असतं." बाबा हे वाक्य पाहुण्यांना सर्टिफिकेट दाखवावं तसं ऐकवतात.

मी पुण्यातल्या एका ऑफिससाठी घरांचे नकाशे काढते. कॉम्प्युटरवर अख्खं घर उभं करायचं आणि गिऱ्हाइकाला त्याच्या खोल्यांतून फिरवून आणायचं, असं ते काम. बरीच वर्षं पुण्यात काढल्यावर मी साहेबांकडे हट्ट धरला, की हेच काम मी गावातून करीन. साहेब हो म्हणाले, पण घरी दमदार मशीन हवं आणि सोमवारी सकाळी मी कामावर दिसायला हवी. नाही दिसले तर मुकाट्यानं पुण्याला परत. बाबांना हे सांगितलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सोयाबीनची पोती ओसरीत रचली, आतली खोली माझ्यासाठी रिकामी केली आणि पारावर जाऊन पोरगी कायमची आली म्हणून सांगूनही टाकलं. कायमची हा शब्द त्यांचा.

तयार मशीन घेण्यापेक्षा सुटे भाग आणून आपणच जोडावं, ही अक्कल माझी. भाग मलकापूरहून आणले. परतीच्या एसटीत बाबांनी कॅबिनेटचा खोका मांडीवर धरला होता आणि शेजारच्या माणसाला पाय नीट ठेवायला तीनदा बजावलं होतं. शनिवारी मी ओसरीतल्या सतरंजीवर बसून सगळं जोडलं. मशीन आतल्या खोलीत नेलं, तिथे आईनं कॅबिनेटला हळदकुंकू लावलं. खोलीतला लाइटीचा बोर्ड दारामागे आहे, कॉम्प्युटरची पिनही त्याच बोर्डात. तिथे बाबा जाऊन उभे राहिले. मी कॉम्प्युटरचं बटण दाबायचं आणि त्यांनी बोर्डापाशी राहून लक्ष ठेवायचं, अशी वाटणी त्यांनीच केली.

मी बटण दाबलं. पंखे फिरले, आतला दिवा लागला, पडदा काळाच. मी वाकून पाहतेय तोच दारामागून खट् असा आवाज आला आणि सगळं विझलं.

"बाबा, काऊन बंद केलं?"

"घुमून राह्यलं व नुसतं. पानी कुठी आहे?"

पाणी म्हणजे पडद्यावरचं चित्र. पुढचे दोन दिवस आमच्या घरात चित्राला पाणीच म्हणत होते. मी केबली काढून पुन्हा लावल्या, मेमरीच्या पट्ट्या काढून फुंकर मारून पुन्हा बसवल्या, बटण दाबलं. पंखे, दिवा, काळा पडदा, खट्. खरं सांगायचं तर बाबांवर चिडायचं मला तेव्हा सुचलंही नाही. पडदा काळा म्हणजे माझंच काहीतरी चुकलंय, हे मी धरूनच चालले होते. दुकानदाराला फोन लावला तर तो म्हणाला, "ताई, थोडा वेळ थांबा, होईल." मलकापुरात बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? शिवाय थोडं थांबा हे आपल्याकडे प्रत्येक दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, म्हणून मी ते कानाआड केलं.

रविवारी सकाळी बाबांनी वाइंडिंगवाल्या काकांना बोलावून आणलं. काका आले ते टेस्टर कानावर खोचून. त्यांनी कॅबिनेटला कान लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "बेरिंग चांगली आहे." मग त्यांना संशय आला की फेज उलटी झाली असावी. विहिरीतली मोटर फेज उलटी झाली की उलटी फिरते आणि पाणी उचलत नाही, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. काकांनी पंख्यासमोर दोरा धरला. दोरा आत ओढला गेला. मागच्या पंख्यासमोर धरला, तर तो बाहेर उडाला. "पाह्य! एक सुलटा, एक उलटा! आपसात भांडून राह्यले." हवा पुढून आत घ्यायची आणि मागून बाहेर टाकायची असते, हे मी सांगून पाहिलं. काकांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि दोरा गुंडाळून खिशात टाकला.

तेवढ्यात पिठाच्या चक्कीवाले दादा दळणाचा डबा द्यायला आले आणि डबा हातात तसाच ठेवून सल्लागार मंडळात दाखल झाले. त्यांचं म्हणणं, चक्की कधी दाणे टाकून सुरू करायची नसते. "आधी खाली, रिकामी चालू करा. लोड काढा सारा." मी हट्टाला पेटले होते, आता हेही करून पाहू म्हटलं. कीबोर्ड काढला. माउस काढला. "अजून लोड हाये," दादा म्हणाले आणि त्यांनी पडद्याची केबल ओढून काढली. बटण दाबलं. पंखे फिरले. "झालं चालू!" दादांनी डब्यावर थाप मारली. चालू झालं हे कशावरून, पडदा कुठाय, असं मी विचारलं, तर ते म्हणाले, "पडदा लावशीन त पुन्हा लोड येईन ना व." दारामागून बाबांनी खट् केलं.

मग माझं डोकं फिरलं. मी पडदा, कीबोर्ड, सगळं पुन्हा जागच्या जागी जोडलं आणि ओरडले, "ठेवा आता ह्याची पूजा करत! मी उद्या पुण्याले चालली."

बाबांनी बोर्डावरचा हात काढला नाही. नुसतं म्हणाले, "एक डाव अजून पाहू."

मी ऐकलं नाही. अंगणात जाऊन पुण्याच्या घरमालकीणबाईंना फोन लावला आणि माझी खाट दुसरीला दिली का ते विचारलं. त्या म्हणाल्या, अजून नाही, ये. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मला रडू आलं.

आत बाबांनी बोर्ड चालू करून स्वतःच कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि ते वळून बोर्डाकडे निघाले, एवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. "लाइन आली!" शेतावरची थ्री फेज लाइन आली, की आमच्याकडे माणूस जेवणाच्या ताटावरूनही उठतो; हरभऱ्याला पाणी त्या लाइनीच्या सोयीनं द्यावं लागतं. बाबा धावले, काका धावले, चक्कीवाले दादा दळणाच्या डब्यासकट धावले. माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही. मी तुळशीजवळ उभी राहून नाक पुसत होते.

बऱ्याच वेळानं आईची हाक आली. "पोरी, तुह्या टीव्हीत इंग्रजी आलं व."

मी धावत गेले. पडदा लख्ख उजळला होता. आई हातात झाडू घेऊन उभी. काय केलंस विचारलं, तर म्हणाली, "काहीच नाही. तुमी सारे गेले, मी झाडून घेतलं."

मंडळी शेतावरून परतली तेव्हा पडद्यासमोर रांग लागली. काकांनी आईला अतिशय गंभीरपणे विचारलं, "वयनी, कोन्त्या बाजूनं झाडलं?" आईनं दाराकडून खिडकीकडे हात दाखवला. काकांनी मान हलवली, जणू त्यांना हीच शंका होती.

मी तोवर ऑफिसातल्या मैत्रिणीला फोन करून खरं काय ते विचारून घेतलं होतं. नवी मेमरी पहिल्यांदा सुरू होताना आधी स्वतःला तपासून जुळवून घेते. त्याला काही मिनिटं लागतात आणि तोवर पडदा काळाच राहतो. मधे बंद केलं, की पुन्हा पहिल्यापासून. हे मी हसत हसत सगळ्यांना सांगितलं, आणि सांगून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी काय बोलले.

काका तर बसूनच हसू लागले. "म्हंजे त्यो बिचारा चालू होऊन राह्यला होता, अन् ह्यो हर बारी त्याचा गळा दाबून राह्यला होता!"

बाबा हसले नाहीत. "मले वाटलं जळंन," एवढंच म्हणाले आणि बैलांना पाणी पाजायला गेले. मला स्वतःच्या जिभेचा राग आला.

रविवारी रात्रभर कामाचे प्रोग्रॅम भरत होते, त्यामुळे मशीन बंद झालंच नाही, आणि सोमवारी मी वेळेवर कामाला बसले. बाबा दिवसभर शेतावर गेले नाहीत. दारामागे स्टूल टाकून, बोर्डाला पाठ लावून बसले होते. आई दिवा लावायला आली तेव्हा चुकून कॉम्प्युटरचंच बंद होईल म्हणून तिलाही त्यांनी बटणाला हात लावू दिला नाही; तिनं खोलीत बॅटरी आणली.

काम संपलं. मी मशीन बंद करायला हात पुढे केला.

"काऊन बंद करून राह्यली?"

"काम झालं बाबा आजचं."

"राहू दे. घुमू दे." विजेचं एखादं बटण वाया चालू दिसलं तर घर डोक्यावर घेणारा हा माणूस.

"असं रोज रातभर कोणी चालू ठेवते का?"

ते स्टुलावरून उठले नाहीत. जमिनीकडे पाहत म्हणाले, "बंद करशीन, अन् उद्या नाही झालं चालू, त तू जाशीन व माय."

मी फक्त पडदा बंद केला.