टॉवेल टाकून धरलेली जागा

मला बघायला तेरखेड्याहून पाव्हणे आले आणि दोन म्हाताऱ्यांचं भांडण लागलं ते कर्नेलवरून. खोटं वाटेल, पण मी समोरच बसले होते.

बेंबळीत घराच्या माडीवर बसून मी एका कंपनीसाठी कर्नेलचं काम करते. कर्नेल म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला कारभारी. कुठल्या प्रोग्रामला किती जागा द्यायची ते तो ठरवतो. लग्नापायी ही नोकरी सोडायची नाही, एवढं माझं पक्कं होतं. वडिलांना तसं सांगितलं तेव्हा ते "बघू की" म्हणाले होते. त्यांच्या या "बघू की"चा मला लई राग येतो.

चुरमुऱ्यांच्या सुशीलाच्या बशा फिरल्या. मुलाच्या वडिलांचं फटाक्यांचं दुकान. या पाव्हण्यांनी विचारलं, "पोरगी करती काय नेमकं?"

मी तोंड उघडायच्या आत वडील सुरू झाले. ते एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाले, पण गाडीतून अजून उतरलेले नाहीत. "हे बघा, प्रोग्राम येतो न् आत शिरायच्या आधीच खिडकीतून टॉवेल टाकतो. सगळं बाकडं माझं म्हणतो, बसतो मात्र एका कोपऱ्यात. हिनं तिथं नियम लावलाय. ठरल्याच्या वर टॉवेल टाकला की चालायचं न्हाय."

इतकं बरोबर सांगितलं की मला हेवाच वाटला. प्रोग्राम जागेच्या पत्त्यांचा भलामोठा पट्टा मागून ठेवतो, खरी मेमरी त्यातली थोडीच वापरतो. मी घातलेली मर्यादा त्या मागण्यावरच होती.

पाव्हणे बिथरले. "टॉवेल टाकला म्हंजे जागा झाली. मी जल्मभर तसाच बसत आलोय."

"तुमच्यासारख्यांनीच माझी नोकरी नासवली," वडील म्हणाले.

"मागनं घरची बाईमाणसं येत असली तर?"

"आली की बघू. आधीपासून बाकडं कशाला अडवायचं?"

आई आणि मुलाची आई चहातली विरघळलेली साखर पुन्हा पुन्हा ढवळत होत्या. मुलगा दुसरी बशी संपवत होता. लग्नाचं कुणाच्या ध्यानातच नव्हतं. शेवटी दोघं निकालासाठी माझ्याकडं वळले.

"नियमाच्या वर मागितलं तर?" पाव्हण्यांनी विचारलं.

"कर्नेल नाही म्हणतो."

"मग तो प्रोग्राम काय करतो?"

"शहाणा असला तर कमी मागून बघतो. नसला तर तिथंच बंद पडतो."

"लई कडक हाय तुमचं," ते म्हणाले. वडील मिशीतल्या मिशीत हसले.

मग पाव्हण्यांना आपण कशाला आलोय ते आठवलं. घसा खाकरून म्हणाले, "बरं, लग्न झाल्यावर नोकरी मात्र सोडावी लागंल. घरचं दुकान हाय."

वडील वर पंख्याकडं बघू लागले. आता हे "बघू की" म्हणणार, हे मला कळलं आणि माझं डोकं फिरलं.

"सोडणार नाही," मी म्हटलं.

आईचा चमचा थांबला. पाव्हण्यांनी रिकामी बशी खाली ठेवली. मला वाटलं, आता उठतात.

"दिवाळीच्या तोंडावर दुकानात पाय ठेवायला जागा नसती," ते म्हणाले. "तेवढे आठ दिवस तरी सुट्टी काढशील का?"

"तेवढी काढीन," मी म्हटलं.