हजेरीची गाडी

चाकणवर दाट धुकं होतं. ज्योतीराम डाव्या हातानं नळाचं पाणी भरत होता. उजव्या हाताची दोन बोटं मागच्या आठवड्यात कंपनीतल्या प्रेसखाली गेली होती.

ठेकेदाराची गाडी दारात थांबली. सुपरवायझर गणराज उतरला.

"चला भाऊ. काम करायचं न्हाई, कँटीनमध्ये नुसतं बसायचं. हजेरी लागंल, पगार पूर्ण."

लातूरहून आल्यापासून ज्योतीराम तापातसुद्धा सायकल मारत कामावर गेला होता. तेव्हा कुणी गाडी धाडली नव्हती. आजच एवढी माया कुठून आली?

"मी रोज हजर दिसलो, तर बोटं कधी तुटली म्हणायची?"

"काय राव, संशय घेता!"

"विचारायलो. उद्या भरपाई मागितली की तुमीच म्हणाल, हजेरी तर लागत हुती, ह्याला लागलं कुठं?"

गणराजचं हसू मावळलं. "ठेकेदाराला काय सांगू?"

"ज्योतीराम घरी हाय म्हणा. प्रेसवर हात गेलाय म्हणून."

गाडी रिकामीच वळली. दारातून बायको, रुपाली, म्हणाली, "कामावरनं काढलं तर?"

ज्योतीराम गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला. मग त्यानं भरलेली घागर बाजूला सरकवली आणि नळाखाली दुसरी लावली.