दहातले सहा

दोंडाईच्याच्या मिरची बाजारात झुलालचा आवाज म्हणजे काय चीज होती, ते आता सांगून कोणाला पटायचं नाही. ढिगाजवळ उभा राहून त्यानं लिलाव पुकारायला सुरुवात केली, की पार रेल्वे फाटकापाशी गाडीत बसलेल्या माणसालाही भाव कळायचा. बावीस वर्षं त्यानं हेच केलं. मिरचीच्या खकाण्यानं येणारा-जाणारा शिंकून बेजार व्हायचा, आणि हा पठ्ठ्या तोंडाला फडकंसुद्धा न बांधता बोली चढवत राहायचा.

म्हणून एक्याण्णव साली त्याचा आवाज बसला, तेव्हा सगळ्या बाजारानं मिळून निदान केलं: मिरची घशात गेली. झालं! ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं, कोणी गुळण्या सांगितल्या, कोणी शेक. आठ महिने हा माणूस घशाची सेवा करत बसला. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी, दुसरं काय म्हणायचं?

शेवटी धुळ्याच्या घशाच्या डॉक्टरनं आरसा घालून पाहिलं आणि छातीचा फोटो काढायला लावला. मग मुंबईला तपासण्या झाल्या. काळजातून निघणारी मोठी रक्तवाहिनी छातीत कमानीसारखी वळते, ती झुलालची फुगली होती. आवाजाची नस तिच्याच खालून वळसा घेऊन घशाकडे जाते, ती त्या फुग्याखाली दाबली गेली होती. घसा बिचारा ठणठणीत होता. फुगा फुटला की मात्र खेळ खलास.

मुंबईचे सर्जन महिन्यातून एकदा धुळ्याला पेशंट बघायला यायचे. ऑपरेशन करायचं की नाही, ते आज सांगायचं होतं. झुलालचं उत्तर ठरलेलं होतं, नाही. मुंबईत अनोळखी लोकांत मरण्यापेक्षा आपला ओटा बरा, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. बायकोला अजून सांगितलं नव्हतं, तेवढी हिंमत झाली नव्हती.

तपासून झाल्यावर तो पडद्याआड सदरा घालत होता. बाहेर सर्जन त्याच्या बायकोला, धुरपदाबाईला, समजावून सांगत होते. "छाती उघडायची, शरीर बर्फासारखं गार करायचं आणि रक्त फिरणंच थांबवायचं. तेवढ्या अर्ध्या तासात फुगलेला भाग कापून तिथं कापडी नळी शिवायची. बाई, अशी दहा माणसं घेतली तर पाच घरी जातात. नाही केलं, तर हे वर्ष निघणं कठीण आहे."

धुरपदाबाईचा जन्म त्याच बाजारात मिरचीची देठं खुडण्यात गेलेला. सांगितलेला पहिला आकडा शेवटचा असतो, हे तिला कुठून माहीत असणार?

"पाच कमी शेतस, डाक्टरसाहेब," ती म्हणाली. "आठ करा."

"अहो, हे माझ्या हातात नाही."

"तुमना हातमा नही त कोना हातमा शे? आठ नही त सात करा. माणूस मजबूत शे. बठ्ठा बाजारले इचारा."

झुलालला आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप बस म्हणून ओरडावं, तर तोंडातून नुसती हवा निघाली. आपल्याच जिवाचा लिलाव चाललाय आणि आपल्याला तो थांबवता येत नाही! मग तिचा आवाज फाटला.

"सहा तरी म्हना. मी पाया पडस तुमना."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती खाली वाकली होती, हे त्याला न बघताच कळलं.

"उठा, बाई. उठा आधी," सर्जन म्हणाले. "बरं, सहा."

झुलालनं डोळे मिटले. खरं गिऱ्हाईक भाव वाढवतं तेव्हा माल हातात घेतं, वास घेतं, दहादा विचार करतं. हा आकडा बाईनं पाय सोडावेत म्हणून टाकलेला होता. पाचाचे पाचच होते.

धुरपदाबाई पडद्याआड आली. तिनंच त्याच्या सदऱ्याच्या गुंड्या लावल्या. "पाचवर आडी बठेल व्हतात," ती कुजबुजली. "सहावर आनं मी त्यास्ले."

तिचे डोळे रडून लाल झाले होते आणि चेहरा उजळला होता. घरी चल, एवढं बोलण्यापुरता श्वास झुलालकडे होता. पण ते बोललं, तर ही बाई उरलेला जन्म काय करील? सहावर आणलं होतं मी, आणि हाच उठून आला, असं म्हणत देठं खुडत बसेल. त्याला भीती वाटत होती, सपशेल भीती. त्या गारठ्याची, काळीज थांबण्याची, पुन्हा चालू न होण्याची.

"चांगला भाव काढी लिधा तू," तो घोगऱ्या श्वासात म्हणाला. "जाय, सुकदेवले सांग. मंगळवारनी गाडी."

सुकदेव, तिचा भाऊ, बाहेर थांबला होता. ती लगबगीनं गेली. झुलाल पडद्याबाहेर आला. सर्जननं संमतीचा कागद पुढे सरकवला, पण झुलालच्या नजरेला नजर दिली नाही. झुलालनं सही केली. मग त्यांना खाली वाकायची खूण केली, कारण त्याचं बोलणं आता कानाशीच ऐकू यायचं.

"मी परत नाही आलो, साहेब," तो म्हणाला, "तरी तिला सांगा, सहाच होते म्हणून."