उत्तरेला गेलेला खेळाडू

वडील गेल्यावर आईला मी हॅम्बर्गला आणलं. वर्षभर ती खिडकीशी बसून होती. मग बंदरातल्या फेरीबोटीवर तिला एक वेल्श म्हातारा भेटला, आणि ती रोज दुपारी ठेवणीतली शाल घेऊन बाहेर पडू लागली. माझं डोकंच सणकलं.

म्हातारा तिला इंग्रजीत आपल्या आजोबांच्या गोष्टी सांगायचा. ते कोळशाच्या खाणीत कामाला होते आणि वेल्ससाठी रग्बी खेळणाऱ्या अगदी सुरुवातीच्या गड्यांपैकी एक. अंगावर माणसं लोंबकळत असताना चेंडू घेऊन धावायचे म्हणे. आई जेवताना हे सगळं रंगवून सांगे. पण गोष्ट दर वेळी एकाच जागी थांबायची: मग ते उत्तरेला, इंग्लंडात गेले. पुढे काय? तुरुंग? दुसरं लग्न? पाणी कुठेतरी नक्की मुरत होतं.

मी रीतसर चौकशीला लागलो, स्थळाची करतात तशी. घर कुणाचं, मुलं काय करतात, पितो का. त्याच्या इमारतीची देखभाल बघणाऱ्या हाउसमाइस्टरलाही गाठलं. त्याने ‘डाटेनशुट्झ!’ म्हणून दुसऱ्याची खासगी माहिती विचारल्याबद्दल मलाच झापलं.

शेवटी रविवारी म्हाताऱ्याला जेवायला बोलावलं आणि आमटी वाढता वाढता सरळ विचारलं, "उत्तरेला जाऊन आजोबांनी असं केलं तरी काय?"

त्याने चमचा खाली ठेवला. "खेळायचे पैसे घेतले. तिकडच्या क्लबात मिळायचे, आमच्याकडे ते पाप होतं. परत आले तेव्हा त्यांच्याच क्लबाने त्यांना दारात उभं केलं नाही. सख्खा भाऊ आत बसून सामना बघायचा, हे भिंतीबाहेर उभे राहून ऐकायचे."

एवढंच? मला चक्क निराशा वाटली. मग वाटलं, हा आईची दया मिळवायचा डाव तर नसेल?

तो गेल्यावर आई ओटा पुसत म्हणाली, "झाली चौकशी?"

"तुझ्या काळजीनेच केली ना."

"सासूबाईही हेच म्हणायच्या. कॉलेजात मी कबड्डी खेळायचे, लग्नानंतरही जायचे. मैदानावर कोण कोण असतं, त्या रोज विचारायच्या. शेवटी मी जायचंच सोडलं." तिने फडकं पिळून वाळत घातलं. "तेव्हा लहान होते रे, घाबरले. आता तू विचारलंस तरी मी जाणार."