बिब्ब्याचा करंडा

मालेगावच्या जमीनदारीणबाईंकडे मळ्यातली भाजी द्यायला गेलो की मी त्यांच्या दोन जपानी डब्यांपाशी हमखास रेंगाळायचो. दोन्ही काळेभोर, तकतकीत. जुन्यावरचा सोनेरी बगळा बोटाला जाणवायचा. नव्यावरची फुलं सपाट, छापील.

बाई एकदा म्हणाल्या, "पयले डब्यावर झाडाच्या चिकाचे हातावर हात देत. वला असतानीच सोन्याची भुकटी शिंपत. आता सारी घाई हाय. अन् तो चीक आंगावर उतते, फोड येतात म्हणे."

मी उडालोच! काळा, चमकणारा, अंगावर उतणारा चीक? अरे, हा तर आपला बिब्बा!

धाकट्या बहिणीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि असाच करंडा सासरी न्यायचा तिचा हट्ट होता. मी सागाचा करंडा घेतला, काडीला चिंधी गुंडाळून बिब्ब्याच्या तेलाचे पातळ हात दिले. ओल्यावर बेगडाची भुकटी शिंपून ज्वारीचं कणीस काढलं. काय रूप आलं म्हणून सांगू! मी अंगणात अक्षरशः नाचलो.

मग आपल्याकडे सगळंच वाळवतात तसा तो वैशाखाच्या उन्हात ठेवला. वाळेचना. बोट लावावं तर काळं. त्यात माझा गाल भोपळ्यासारखा सुजला. बहीण हसून हसून बेजार. मी मात्र चिडलो होतो, आणि मनातून घाबरलोही होतो.

हळदीच्या दिवशी करंडा अंगणातून गायब!

"रांजणामांगं ठेवला, वल्या पोत्यात गुंडाळून," आई म्हणाली. "लगनघरात कोणाले बिबा उतला तं?"

"वल्या पोत्यात? वाटोळं केलं न माह्या कामाचं!" मी ओरडलो. मग दोन दिवस तिकडे फिरकलोच नाही.

पाठवणीला बैलगाडी जुंपली तरी बहीण चढेना. "माहा करंडा कोठी हाय?" म्हणत ती तरातरा रांजणामागे गेली आणि पोतं सोडलं.

"हात नोको लावू!" आम्ही सगळेच ओरडलो.

तिने लावला. नव्या शालूनिशी, मेंदीचा अख्खा तळवा कणसावरून दाबून फिरवला आणि माझ्यापुढे धरला. मेंदीवर काळा ठिपका नव्हता, बेगडाचा कणही नव्हता. उन्हात न वाळलेला करंडा ओल्या पोत्याच्या दमटपणात दगडासारखा घट्ट वाळला होता; या चिकाला ऊन नाही, ओलच हवी होती.

"दादा, झाला रे!" ती किंचाळली, आणि रडायचं सोडून हसतच गाडीत चढली.